पक्कं मचाण की चढतं मचाण

६ सप्टेंबर, मंगळवार

ही वही जनेलनं दिली. मुलगी लांब मिनेसोटात राहते, पण बापाची किंमत तिला आहे. जूनमध्ये मी निवृत्त झालो, तेव्हापासून दिवसभर घरीच असतो, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं किती आहे हे फोनवरून तिच्या लक्षात आलं असावं. "बाबा, जे जे सांगावंसं वाटेल ते आधी यात लिही," ती म्हणाली, "आणि मग त्यातलं निवडून आईला सांग." छत्तीस वर्षं मी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. एवढा अनुभव वाया जाऊ नये, असंच तिला म्हणायचं असणार.

तर पहिली नोंद. प्रश्न मोठा आहे. यंदा हरणाच्या शिकारीला मचाण कुठलं?

आमच्या चाळीस एकरांत, ओढ्याच्या पलीकडे, माझं पक्कं मचाण आहे. १९९८ साली स्वतः बांधलं. तीन मेपलच्या मधोमध, जमिनीपासून बारा फुटांवर. वर पत्रा, चढायला कठड्याचा जिना, मोडीत निघालेल्या बसच्या सरकत्या खिडक्या, आणि आत बसचंच दोघांचं हिरवं बाकडं. त्या बाकड्यावरून मी एकोणीस हरणं मारली. पण गेली दोन वर्षं एकही नाही. नॉर्ब म्हणतो, "हरणांना तुझा पत्ता पाठ झालाय, वेंडेल. टपालवाल्यालासुद्धा इतका पाठ नसेल."

नॉर्ब हा आर्डिसचा धाकटा भाऊ. माझ्या बायकोचं बाकी सगळं चांगलं आहे.

नॉर्बनं चढतं मचाण घेतलंय. ते पाठीवर टाकून हव्या त्या झाडाशी न्यायचं, दोन्ही भाग बुंध्याला अडकवायचे आणि सुरवंटासारखं वर सरकायचं. आधी हातांनी बसायचा भाग वर, मग पायांनी उभं राहायचा भाग वर. वारा फिरला की झाड बदलायचं. गेल्या वर्षी त्यानं दहा टोकांच्या शिंगांचा नर मारला आणि त्याची हकीकत आम्हाला नाताळात, ईस्टरला आणि एका बारशात ऐकावी लागली.

रात्रीच्या जेवणाला हे सगळं आर्डिसला समजावून सांगितलं. पन्नासेक मिनिटं. ती भांडी घासायला उठली तेव्हा मागोमाग गेलो, कारण वाऱ्याचा मुद्दा राहिला होता.

"मग तुझं मत काय?"

"पक्कं," ती पाठमोरी म्हणाली. "पक्कंच ठेव."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात शिकारीवर तिनं दिलेलं हे पहिलं मत.

१४ सप्टेंबर, बुधवार

पक्क्या मचाणावर जाऊन आलो. धक्काच बसला. दर वर्षी तिथून बादलीभर जाळी, उंदरांच्या लेंड्या आणि मेलेल्या गांधीलमाश्या निघतात. यंदा फरशी झाडलेली. काचा आतून पुसलेल्या. बाकड्यावर घडी घातलेलं लोकरीचं पांघरूण, कोपऱ्यात आल्याच्या बिस्किटांचा चुरा, खिडकीच्या पट्टीवर एक पेन्सिल आणि वर्तमानपत्रातून फाडलेलं शब्दकोडं. पूर्ण सोडवलेलं.

म्हणजे कुणीतरी माझ्या मचाणावर बसतंय.

आल्याची बिस्किटं नॉर्बला लहानपणापासून आवडतात. आर्डिसच त्याला करून देते. हेरगिरी चालली आहे तर! मला चढतं मचाण घ्यायला लावून हा माझ्या जागेवर टपलाय. एकच गोष्ट बसत नाही. शब्दकोडं. नॉर्बला स्वतःच्या रस्त्याचं नाव चुकल्याशिवाय लिहिता येत नाही. कुणाकडून तरी सोडवून घेतलं असणार.

आर्डिसला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काही मोडलंय का?"

"नाही."

"काही नेलंय?"

"उलट पांघरूण वाढलंय."

"मग असू दे की. बसत असेल बिचारा शांतपणे."

भावाचं नाव निघालं की तिचं मन असं लगेच विरघळतं.

२२ सप्टेंबर, गुरुवार

आर्डिस जुलैपासून मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी चर्चमध्ये गोधड्या शिवायला जाते. दोन ते पाच. आज परत आली तर मोज्यांना कुसळंच कुसळं. चर्चच्या आवाराची ही दशा! तिला बोललो नाही, सरळ पाद्रीबाईंना फोन लावला आणि गवत कापून घ्या म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, आवार शनिवारीच कापलंय. लोकांना आपली चूक मान्य करणं फार जड जातं.

गोधडीही पुढे सरकलेली दिसत नाही. आर्डिसनं ऑगस्टमध्ये घरी आणून दाखवली होती ती निळी चौकट अजून तेवढीच आहे. इतक्या बायका एकत्र जमल्या की गप्पांत वेळ जातो. मी तिला म्हटलं, "मी येऊन बसतो. कामाची आखणी करून देतो. आमच्या गॅरेजात..."

"नको," ती म्हणाली. तिनं इतक्या घाईनं कधीच काही नाकारलं नव्हतं. मला दगदग होऊ नये असं वाटलं असेल तिला.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

चढतं मचाण आणलं! अॅल्युमिनियमचं, नऊ किलो. खोक्यात माहितीचं पुस्तक होतं, ते चूल पेटवायच्या कागदांत टाकलं. छत्तीस वर्षं यंत्रं उघडलेल्या माणसाला दोन चौकटी कशा जोडायच्या ते कुणी शिकवू नये.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे डोलोरिसच्या खानावळीत तळलेले मासे खायला गेलो. नॉर्बही होता, समोर ब्रँडी घेऊन.

"शाब्बास!" तो म्हणाला. "मग त्या जुन्या खोक्याचं काय करणार?"

"अजून ठरवलं नाही."

"मला दे. खिडक्या, पत्रा, बाकडं, सगळं. तळं गोठलं की बर्फावर ठेवायला मासेमारीची झकास झोपडी होईल. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन येतो. तुला नुसतं बघत उभं राहायचंय."

मला काही हरकत दिसेना. पण आर्डिसचा काटा हवेतच थांबला.

"ते मचाण कुणाच्या वाटेत आलंय?" ती म्हणाली.

"ताई, तिथं आता हरीण फिरकत नाही," नॉर्ब म्हणाला.

"फिरकत नाही? रोज चारच्या सुमारास दलदलीकडून कान फाटलेली मादी दोन पाडसं घेऊन येते. त्यांच्या मागून कधी कधी तो आठ टोकांचा. ओढ्याशी थांबतो, वास घेतो आणि मग जातो."

नॉर्बनं ब्रँडीचा पेला खाली ठेवला. डोलोरिससुद्धा कोबीची वाटी हातात धरून उभी राहिली.

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

आर्डिसनं माशावर लिंबू पिळलं. बराच वेळ पिळलं. "लोक बोलतात," ती म्हणाली.

लोक म्हणजे कोण ते मी ओळखलं. नॉर्बकडे रोखून पाहिलं. त्यानं असा काही चकित चेहरा केला होता की नाटकात गेला असता तर नाव काढलं असतं.

१६ ऑक्टोबर, रविवार

चढत्या मचाणाचे दोन भाग हातानं पिळायच्या चार नटांनी जुळतात. ते चारही नट गायब. गॅरेजातल्या फळीवर वाटीत ठेवले होते. तीन तास शोधलं.

"खारी," मी आर्डिसला म्हटलं. "चकाकणाऱ्या वस्तू पळवतात."

"खारीच असणार," ती लगेच म्हणाली. माझं म्हणणं तिला इतक्या पटकन पटण्याची वेळ फार क्वचित येते, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतोय.

२९ ऑक्टोबर, शनिवार

नवे नट आणले होते, तेही गेले. दाराला कुलूप असताना. आता मला नॉर्बचाच संशय आहे. कुलपाची किल्ली आमच्याशिवाय कुणाकडे नाही, पण नॉर्ब काही कमी नाही. तिसरे चार आणले आहेत आणि ते पँटच्या खिशात ठेवतो, झोपतानाही उशाशी. आर्डिस म्हणाली, "वेंडेल, चार नटांसाठी एवढं?" मी म्हटलं, "आता हा तत्त्वाचा प्रश्न आहे." तिनं सुस्कारा सोडला.

५ नोव्हेंबर, शनिवार

अंगणातल्या अॅशच्या झाडावर सराव केला. पंधरा फूट गेलो. वर वारा मस्त, शेजाऱ्यांचं अंगण स्वच्छ दिसतं. उतरताना डाव्या गुडघ्यानं जीव घेतला, पण ते मी आर्डिसला कळू दिलं नाही. नुसता दोन वेळा ओरडलो.

ती खाली हात छातीशी धरून उभी होती. "तो कमरेचा पट्टा आधी बांधतोस ना?"

"बांधतो."

"आणि वरचा भाग खालच्याला बांधायची ती दोरी? चित्रात दाखवली आहे."

"कुठल्या चित्रात?"

"चुलीजवळच्या पुस्तकात. मी वाचलं."

"ती नवशिक्यांसाठी असते."

ती काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं.

रात्री आमचं थोडं वाजलं. तिला म्हटलं, तू भावाची बाजू घेतेस. ती म्हणाली, मी कुणाचीच बाजू घेत नाहीये, ते मचाण तेवढं पाडू नकोस. मी विचारलं, का? कारण दे. मी सात कारणं दिली होती, तू एक दे. तिचे डोळे भरून आले. हे मला अपेक्षित नव्हतं. "मला आवडतं ते तिथं असलेलं," एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली.

हे कारण होत नाही. पण मला झोप लागली नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार. बंदुकीचा हंगाम, पहिला दिवस

जमेल तसं क्रमानं लिहितो.

पहाटे साडेपाचला निघालो. आर्डिस उठून कॉफी भरून देत होती. दिवसभर चर्चमध्ये सणासाठी भोपळ्याच्या गोड पाई भाजायला जाणार म्हणाली. पक्क्या मचाणापासून शंभरेक पावलांवर, ओढ्याच्या वरच्या अंगाला एक सरळसोट बासवुडचं झाड आहे, त्यावर चढलो. अठरा फूट. दोरीनं रिकामी बंदूक वर ओढून घेतली, मग भरली. फोन खाली डब्याच्या पिशवीत ठेवला, कारण ऐन वेळी वाजला तर शिकार गेली.

उजाडलं. थंडी अशी की मिशा कडक. आठ वाजता मागे, पक्क्या मचाणाच्या बाजूला फांदी मोडल्याचा आवाज आला. मान वळवून पाहिलं तर खिडकीत शिकारीच्या जाकिटाचा केशरी रंग हलला. नॉर्ब! भर हंगामात, माझ्या जमिनीवर, माझ्या बाकड्यावर! संताप असा चढला की मी ताडकन उभा राहायला गेलो, गुडघा लचकला, टाच दाबली गेली, आणि पायाखालचा भाग निसटला. खडखड करत बुंध्यावरून थेट मुळाशी.

मी वर. पाय हवेत. बुडाखाली तेवढं बसायचं फळकुट आणि कमरेला पट्टा. उतरायला पाय टेकवायला काहीच नाही. बंदूक आधी रिकामी केली, एवढी अक्कल शाबूत होती. मग खाली पाहिलं आणि पाहायला नको होतं असं वाटलं.

लाज गिळायला दहा मिनिटं लागली. मग ओरडलो. "नॉर्ब! ए नॉर्ब! इकडे ये!"

परत ओरडलो.

"नॉर्ब, तू आहेस मला माहीत आहे! बिस्किटंसुद्धा मला माहीत आहेत!"

खिडकी सरकल्याचा आवाज आला. आणि मग स्वच्छ, वैतागलेला बाईचा आवाज: "वेंडेल, जरा हळू. सगळी हरणं पळतील."

मी इतका गप्प झालो की पाणी वाहिल्याचं ऐकू येऊ लागलं.

ती आली. जनेलचं जुनं केशरी जाकीट, डोक्यावर केशरी टोपी, काखेत पुस्तक. बुंध्याशी उभी राहून तिनं वर पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता. "पट्टा आहे?"

"आहे."

"घट्ट?"

"घट्ट."

तिनं श्वास सोडला. रंग परत आला. आणि मग ती मुळाशी पडलेल्या भागावर चक्क बसली.

"आर्डिस, तू चर्चमध्ये नाहीस?"

"नाही."

"आणि मंगळवार, गुरुवार?"

"तेव्हाही नाही. जुलैपासून."

"तू तिथं करतेस काय?"

"बसते. वाचते. शब्दकोडं सोडवते. बाकी काहीच करत नाही."

"बरं, दोरी सोडतो, तो भाग तिला बांध. मी वर ओढून घेतो."

"बांधते," ती म्हणाली आणि उठली नाही. "ते मचाण पाडायचं नाही."

"आर्डिस, मला थंडी वाजतेय."

"मलाही. नॉर्बला तू स्वतः सांगायचं. मी नाही."

"सांगतो."

"मंगळवार आणि गुरुवार माझे. आठवडाभर तू वापर, पण ते दोन दिवस नाही. हंगाम असला तरी."

"ठीक आहे."

"आणि ती दोरी बांधायची. नवशिक्यांची."

"बांधतो! आर्डिस, पायांना मुंग्या आल्या!"

तेव्हा ती उठली. तिनं मारलेली गाठ मी गॅरेजात कुणाच्या हातून पाहिली नाही, इतकी पक्की. भाग वर आला, मी पाय अडकवले आणि इंचाइंचानं खाली उतरलो. जमिनीवर टेकल्यावर तिनं मला एक धपाटा घातला, दंडावर, जोरात. आणि मग माझ्या जाकिटात तोंड खुपसून उभी राहिली.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "मी काय नाही म्हटलं असतं?"

"नाही रे," ती जाकिटातूनच म्हणाली. "सांगितलं असतं तर तू बरोबर आला असतास."

२० नोव्हेंबर, रविवार

तिच्या त्या वाक्यावर कालपासून विचार करतोय. आधी वाटलं, थट्टा. मग ही वही पहिल्या पानापासून वाचून काढली.

आज नाश्त्याला काही बोललो नाही. आर्डिसनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

काल सणाची टर्की, आज नॉर्ब. ट्रक, दोन पहारी आणि करवत घेऊन हजर. मी फाटकाशीच गाठला.

"मचाण पाडायचं नाही."

"अरे पण ठरलं होतं! तूच म्हणालास, चढतं मचाण भारी."

"भारी आहेच. पण पक्कं राहणार."

"कशाला? तुला दोन कशाला हवीत?"

खरं कारण तोंडावर आलं होतं. अशी हकीकत माझ्या हाती आयुष्यात पहिल्यांदा लागली होती, अठरा फुटांसकट, आणि सांगायला ट्रकभर माणूस समोर उभा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत आर्डिस हातात फडकं घेऊन थांबलेली दिसली.

"मला आवडतं ते तिथं असलेलं," मी म्हटलं.

"हे काय कारण झालं?"

"एवढंच आहे."

नॉर्बनं डोकं खाजवलं. अर्धी भोपळ्याची पाई आणि आल्याच्या बिस्किटांचा डबा घेऊन रिकामा ट्रक परत नेला. त्यानं नट का चोरले ते विचारायचं राहूनच गेलं. सणाचे दिवस, जाऊ दे.

२७ नोव्हेंबर, रविवार. हंगामाचा शेवटचा दिवस

ही नोंद पक्क्या मचाणावर बसून लिहितोय. आर्डिस शेजारी आहे, बाकड्याच्या खिडकीकडच्या बाजूला.

दुपारी ती टोपी घालून दारात थांबली आणि म्हणाली, "यायचंय का?" मी बूट शोधू लागलो तशी तिनं बोट वर केलं. "चार पस्तीसला बंदूक चालवायची कायद्याची वेळ संपते. तोपर्यंत एक शब्द नाही. वाऱ्यावरसुद्धा नाही."

अडीचपासून गप्प आहे. सोपं नाही. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या मनात अकरा गोष्टी सांगून झाल्या, त्यातल्या चार या मचाणाच्या पायाबद्दल होत्या. ती वाचतेय. पान उलटताना अंगठा ओला करते. इतकी वर्षं करत असेल, मी आज पाहिलं. गालावर उन्हाची तिरीप आली की डोळे मिटून थोडा वेळ तशीच राहते. तिनं वाफाळती कॉफी झाकणात ओतून न विचारता माझ्यासमोर धरली.

चारला सात मिनिटं असताना कान फाटलेली मादी आली. मागे दोन पाडसं, चांगली मोठी झालेली. आणि त्यांच्या मागून तो. आठ टोकांचा. ओढ्याशी थांबला, नाक वर केलं, अगदी ती म्हणाली होती तसाच. साठ पावलं. कुशी माझ्याकडे. बंदूक माझ्या गुडघ्याशी टेकलेली. दोन वर्षं ज्यासाठी झुरलो तो हाच.

आर्डिसनं पुस्तक मांडीवर ठेवलं होतं. मला अडवत नव्हती, माझ्याकडे पाहतही नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती आणि तिचे ओठ किंचित उघडे होते.

बंदुकीपर्यंत हात गेला होता. तिथंच राहिला. का, ते मला विचारू नये. त्यानं वास घेतला, पाणी प्यायला, आणि मादीच्या मागून झाडांत गेला.

मग बराच वेळ काही झालं नाही. ऊन गेलं. आर्डिसनं पांघरुणाचं अर्धं टोक माझ्या गुडघ्यांवर ओढलं, दुखऱ्या गुडघ्यावर जरा जास्त. आणि शेवटी तीच बोलली, अगदी हळू.

"वेंडेल, काहीतरी सांग ना."

मी घड्याळ पाहिलं. चार बत्तीस. तिला तीन बोटं दाखवली, आणि आम्ही दोघं थांबलो.